‘मूल्यसाखळी’ की ‘मूल्यप्रवाह’? आयटीच्या कागदपत्रांतला गोंधळ

प्रश्न असा आहे: एका कंपनीच्या आयटी विभागाची कार्यपद्धती मराठीत लिहिली जात आहे. तीत ‘व्हॅल्यू चेन’साठी मूल्यसाखळी, पुरवठासाखळी आणि मूल्यप्रवाह हे तिन्ही शब्द आलटूनपालटून आले आहेत. ते चालेल का?

चालणार नाही, कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘व्हॅल्यू चेन’ ही कल्पना व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडली. एकाच संस्थेच्या आत होणाऱ्या कामांची ती मांडणी आहे: पाच मुख्य कामे आणि त्यांना आधार देणारी चार. अनेक संस्था मिळून जी मोठी रचना बनते तिला त्यांनी वेगळे नाव दिले होते. मराठीत मात्र ‘मूल्यसाखळी’ हा शब्द शेतमालाच्या लिखाणातही वापरला जातो. तिथे तो उत्पादकापासून ग्राहकापर्यंत सगळ्यांना कवेत घेतो, म्हणून ‘पुरवठासाखळी’शी त्याची सरमिसळ होते. आयटीच्या मजकुरात पुरवठासाखळी म्हणजे बाहेरून येणारे हार्डवेअर, परवाने, क्लाउड सेवा आणि त्यांचे पुरवठादार. तो शब्द तेवढ्यापुरताच ठेवावा.

खरी अडचण उरलेल्या दोघांची आहे. आयटिल ही आयटी सेवांच्या व्यवस्थापनाची चौकट आहे. तिच्या २०१९ च्या आयटिल ४ या आवृत्तीत सेवा-मूल्यसाखळीत सहा कामे आहेत: नियोजन, सुधारणा, संबंधितांशी संवाद, रचना व संक्रमण, मिळवणे किंवा बांधणे, आणि पुरवणे व साहाय्य. त्यांना ठरलेला क्रम नाही. एखादी विशिष्ट मागणी किंवा बिघाड या कामांतून ज्या वाटेने सुरुवातीपासून शेवटापर्यंत जातो, ती वाट म्हणजे मूल्यप्रवाह. एका प्रवाहात तेच काम दोनदा येऊ शकते, एखादे मुळीच येत नाही. ओपन ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आयटी४आयटी या आयटी व्यवस्थापनाच्या चौकटीच्या २०१५ च्या आवृत्तीतही एका आयटी मूल्यसाखळीत चार प्रवाह होते. दोष ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंतचा हा त्यांतला एक.

तोच घ्या. देखरेखीच्या यंत्रणेने इशारा दिला, घटनेचे तिकीट, म्हणजे क्रमांक असलेली नोंद, उघडले, सर्व्हर पुन्हा सुरू करून सेवा पूर्ववत झाली आणि तिकीट बंद झाले. पण मूळ कारण शोधण्यासाठी समस्येची वेगळी नोंद करायला हवी, तिच्यातून बदलाची विनंती निघायला हवी, आणि बदल तैनात (प्रत्यक्ष लागू) झाल्यावर त्याचा क्रमांक पुन्हा समस्येच्या नोंदीत यायला हवा. हे क्रमांक एकमेकांना जोडलेले नसले की प्रत्येक गटाचे आकडे उत्तम दिसतात आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. ‘साखळी तपासा’ असे लिहिले तर वाचणारा आपापली कडी तपासून मोकळा होतो. ‘प्रवाह तपासा’ म्हटले की इशाऱ्यापासून कायमच्या दुरुस्तीपर्यंतचा एकूण वेळ मोजावा लागतो. त्यात प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि रांगेत वाट पाहण्याचा वेळ वेगळे नोंदवावेत. प्रत्यक्ष काम तासाभराचे आणि मंजुरीची वाट दोन दिवसांची, असे चित्र निघाले तर माणसे वाढवून काही साधणार नाही; मंजुरीची पद्धत बदलावी लागेल.

आणखी एक चूक सर्रास दिसते: कड्यांना विभागांची नावे देणे. ‘नेटवर्क’, ‘डेटाबेस’, ‘हेल्पडेस्क’ अशी चौकटींची रांग काढली की तो संघटनेचा तक्ता होतो. कडीचे नाव क्रियावाचकच हवे: तपासणे, बांधणे, तैनात करणे. विभागांची फेररचना झाली तरी मग मजकूर बदलावा लागत नाही.

साखळीच्या घटकाला ‘कडी’च म्हणावे. ‘दुवा’ अर्थाने बरोबर आहे, पण आयटीच्या मजकुरात तो वेबपत्त्यासाठी वापरला जातो. प्रवाहाला ‘टप्पे’ असतात. ‘मूल्यशृंखला’ चूक नाही, तरी ‘साखळी’ असताना तिची गरज वाटत नाही. ‘मूल्याधारित प्रक्रिया’ मात्र टाळा: वाचणाऱ्याला नीतिमूल्ये आठवतात, आणि इथे मूल्य म्हणजे सेवा घेणाऱ्याला होणारा उपयोग. मूल्यसाखळी, पुरवठासाखळी, मूल्यप्रवाह हे सामासिक शब्द असल्याने जोडून लिहावेत.