कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत बहुतेकांचं वाक्य एकच आहे, "कॅमेरा बिघडलाय, कुठे दाखवू?" पाच प्रश्न निवडलेत आणि पाचांपैकी चारांत कॅमेरा ठणठणीत आहे, म्हणून पैसे खर्च करायच्या आधी हे वाचा.

प्रश्न : बहिणीच्या साखरपुड्याला नवीन मिररलेस कॅमेरा घेऊन गेलो होतो. हॉलमधल्या सगळ्या व्हिडिओत आडवे काळपट पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. बाहेर उन्हात काढलेला व्हिडिओ एकदम क्लीन. सेन्सर गेला का? – एक वाचक, चिंचवड

सेन्सरला काहीही झालेलं नाही. बाहेर क्लीन आणि आत पट्टे, इथेच उत्तर आहे, दोष लाइटचा आणि शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा आहे. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब किंवा साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला ते कळत नाही पण सेन्सर फोटो एकदम न वाचता एकेक ओळ करत वाचतो, त्यामुळे एका ओळीला जास्त उजेड मिळतो आणि पुढच्या ओळीला कमी, आणि त्याचेच पट्टे दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक ओळीला उजेडाचे पूर्ण ठोके मिळतात आणि पट्टे जातात. १/६० किंवा १/१२५ ठेवलं की हमखास येतात.

आता मूळ कारण. काही कॅमेरे बॉक्समधून काढल्यावर एनटीएससी या अमेरिकी व्हिडिओ पद्धतीवर असतात, म्हणजे सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. मेन्यूत जाऊन पाल ही आपल्याकडची पद्धत निवडा, २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करा. २५ ला शटर १/५०, ५० ला १/१००. काही कॅमेऱ्यांत हे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा आधी कार्ड रिकामं करून घ्या नाहीतर आधीचे फोटो जातील. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली पाल फॉरमॅट दाखवायचा पर्याय चालू करायचा, मग २५ फ्रेम दिसायला लागतात. आणि न्यू जर्सीत किंवा टोरांटोत गणपतीचा व्हिडिओ काढणाऱ्यांनी बरोबर उलटं करायचं, तिकडे १/६० आणि १/१२०.

एक अडचण राहते. स्टेजमागची एलईडी वॉल, मंडपातल्या रंगीत माळा, स्वस्तातले डिमर लावलेले लाइट, हे विजेच्या ५० हर्ट्झवर चालत नाहीत, त्यांची लुकलुक स्वतःच्याच वेगाने होते, त्यामुळे तिथे १/५० चा नियम लागू होईलच असं नाही. काही कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येतं, ते चालू करा आणि स्क्रीनकडे बघत हळूहळू फिरवा, पट्टे थांबतात तिथे थांबा. फोटो काढताना सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा, निम्मा त्रास तिथेच जातो.

झालेल्या शूटचं काय, तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पेड आवृत्तीत लुकलुक कमी करणारा डीफ्लिकर इफेक्ट आहे. हलके पट्टे त्याने बरेच कमी होतात, गडद असतील तर पूर्ण जात नाहीत. पण साखरपुडा परत होणार नाही, तेव्हा ट्राय नक्की करा.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांचं अख्खं नाटक एकाच क्लिपमध्ये रेकॉर्ड करत होतो, मधेच बॅटरी संपली. आता ती फाइल उघडतच नाही, पण साइज बरीच मोठी दिसतेय. पालक रोज विचारतायत. – एक शिक्षक, नाशिक

साइज दिसतेय ना, मग नाटक कार्डवर आहे, धीर धरा. एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज आधी लिहिले जातात आणि कुठला तुकडा कुठे आहे याची यादी रेकॉर्डिंग बंद करताना शेवटी लिहिली जाते, बॅटरी गेली आणि यादी लिहायची राहिली, म्हणून प्लेअरला फाइल वाचता येत नाही.

पहिली गोष्ट, त्या कार्डवर आता एक फोटोही काढू नका आणि कॉम्प्युटरने "फॉरमॅट करू का" विचारलं तर नाही म्हणा. दुसरी, फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा आणि मग कार्ड त्याच कॅमेऱ्यात पूर्ण चार्ज बॅटरीसह घालून चालू करा, काही कॅमेरे स्वतःच अर्धवट फाइल ओळखून दुरुस्त करू का म्हणून विचारतात. नाही झालं तर अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्याला खराब फाइलसोबत एक चांगली फाइल द्यावी लागते, त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशनची, त्याच फ्रेम रेटची. त्यावरून तो यादी परत तयार करतो. चांगली फाइल नसेल तर दुसऱ्या कार्डवर त्याच सेटिंगवर दोन मिनिटं शूट करून घ्या. साइज शून्य दाखवत असती तर गोष्ट अवघड होती, तेव्हा फोटोरेकसारखं रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बघावं लागतं, आणि लांब व्हिडिओ तुकड्यातुकड्यात मिळायची शक्यता जास्त.

पुढच्या वर्षी प्रत्येक प्रवेश संपला, पडदा पडला, की रेकॉर्डिंग थांबवून परत चालू करा, फार तर एक प्रवेश जाईल, अख्खं नाटक जाणार नाही. कॅमेरा यूएसबी-सीवर चालत असेल तर पॉवर बँक लावून ठेवा, फक्त ती पीडी (पॉवर डिलिव्हरी) वाली आहे का ते बघा.

प्रश्न : लेन्समध्ये आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पावसाळाभर बॅगेत, कपाटात नीट ठेवली होती. – एक वाचक, सावंतवाडी

चारही जणांना सोडून हे तुमचं मात्र खरंच दुरुस्तीचं काम आहे. ही बुरशी. मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघा, फांद्या फुटल्यासारख्या बारीक तारा दिसल्या तर नक्की तीच. सुरुवातीला फोटोत काहीच कळत नाही, नंतर कॉन्ट्रास्ट पडतो आणि उजेडासमोर धरलं की फोटो धुरकट येतो. आतली काच स्वतः उघडू नका, चांगल्या मेकॅनिककडे लवकर द्या, कारण बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि कोटिंग गेलं की साफ करूनही डाग राहतो.

"नीट ठेवली होती" हेच कोकणात घात करतं. बंद कपाट, अंधार, फोमची बॅग, बॅग ओल धरून ठेवते आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा सतत ७० टक्क्यांच्या वर दमट. कॅमेऱ्याला ४० ते ५० टक्के हवी. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, परवडत असेल तर उत्तमच, नसेल तर रबरी सील असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि हवेतला दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. हायग्रोमीटर टाळू नका, त्याच्याशिवाय आत काय चाललंय कळत नाही. जेलचा रंग बदलला की ते ओलं झालं, ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या आसपास तापवून सुकवा, मात्र निळं असून गुलाबी होणारं जेल स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या. तांदूळ घालायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, ओल फारशी शोषत नाही आणि पिठूळ धूळ लेन्समध्ये जाते. पूर्वी लोक कपाटात १५ वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, ते बरोबर होतं कारण बल्ब तापायचा आणि हवा कोरडी व्हायची, आताचा एलईडी लावून तो उपयोग होत नाही. अगदी ३० टक्क्यांच्या खालीही नेऊ नका, आतलं ग्रीस आणि रबर सुकतं. आणि लेन्स वापरा, आठवड्यातून एकदा तरी काढून उजेडात फिरवा.

प्रश्न : निळ्या आकाशाच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी काळसर ठिपका. – एक वाचक, सातारा

सेन्सरवर धूळ. अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, ठिपका ठळक दिसेल, एफ २.८ ला जवळपास गायब होईल. मेन्यूतून क्लीनिंग मोड लावा, लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. स्प्रेचा डबाही नको, त्यातून द्रव उडून सेन्सरवर बसतो.

प्रश्न : मोबाईलवर आजीची मुलाखत घेतली, एडिट करताना सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात पण अर्ध्या तासाने आवाज पुढे पळतो. मोबाईलवर बघितलं तर सगळं बरोबर. – एक वाचक, बडोदा

मोबाईल उजेड कमी झाला किंवा गरम झाला की फ्रेम रेट मधेच कमीजास्त करतो, प्लेअर ते सांभाळून घेतो पण बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर ठरलेला रेट धरून चालतात आणि मग चित्र आणि आवाज फाकतात. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, फ्रेम रेट मूळ क्लिपचाच ठेवा, क्वालिटी थोडी चढी ठेवून नवीन फाइल बनवा आणि तीच टाइमलाइनवर टाका. मूळ फाइल डिलीट करू नका, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा, आजीचा आवाज आहे तो.