फुगलेल्या नदीत ट्राउट कुठे शोधायचा? वाचकांचे प्रश्न

जून-जुलै आला की माशीने, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने, ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरणाऱ्यांच्या या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच काळजी असते: नदीला पाणी फार आहे. वर डोंगरात बर्फ वितळतोय, किंवा शेतीसाठी धरणातून विसर्ग वाढवलाय, आणि रोजच्या ओळखीची नदी ओळखू येईनाशी झालीय. या वेळी त्यातलीच काही पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: सुट्टी ठरलेली आहे, पण ज्या नदीवर जायचं तिचा विसर्ग नेहमीच्या दुप्पट झालाय. बरोबरचे म्हणतात, एवढ्या ओढीत ट्राउट टिकत नाही, खाली वाहून जातो, तेव्हा बेत रद्द करू. तुमचं मत काय?

जा. मासे तिथेच आहेत, फक्त त्यांनी जागा बदललीय. आणि खरं सांगायचं तर ते तुमच्या जास्त जवळ आले आहेत.

विसर्ग दुप्पट झाला म्हणजे प्रत्येक ठिकाणचा वेग दुप्पट होत नाही. पाणी पसरतं, खोल होतं, आणि वाढलेल्या ओढीचा मोठा भाग पात्राच्या मध्यावर, वरच्या थरात राहतो. तळाशी आणि काठाशी दगड, मुळं, गवत पाण्याला अडवत असतात, म्हणून तिथला वेग कमीच राहतो. ट्राउट दिवसभर धारेशी झुंजत बसत नाही. जिथे कमी ताकद लागते आणि खाणं समोरून वाहत येतं अशी जागा तो धरतो. पाणी कमी असताना ही जागा नदीच्या मधल्या खडकांपाशी असते. पाणी चढलं की ती काठाला सरकते, कधी कधी इतकी की मासा बुडालेल्या गवतात, जमिनीपासून हातभर अंतरावर उभा असतो.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की नदीवर पोचल्या पोचल्या पाण्यात पाय घालू नका. ज्या पाण्यातून तुम्ही चालत जाणार असता, त्याच पाण्यात मासे असतात. काठापासून चार पावलं मागे उभे राहा आणि दहा मिनिटं नुसती नदी पाहा. धावत्या आणि संथ पाण्याच्या मधली शिवण शोधा. फेसाचे ठिपके भराभर जाता जाता एका रेषेच्या अलीकडे रेंगाळतात, ती ही शिवण. वळणाची आतली बाजू पाहा. बेटाच्या खालच्या टोकाला दोन धारा जिथे एकत्र येतात तिथे पाहा. मोठ्या खडकाच्या मागे सगळेच पाहतात, पण खडकाच्या पुढेही, पाणी त्याच्यावर आपटून दबतं तिथे, संथ पाण्याची एक गादी तयार होते. चांगला मासा पुष्कळदा तिथे असतो.

एक बारकावा भोवऱ्यांचा. ट्राउट नेहमी धारेकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जातो. पण काठच्या भोवऱ्यात पाणी उलटं, वरच्या दिशेने फिरत असतं. तिथल्या माशाचं तोंड नदीच्या उताराकडे असतं, म्हणजे खालून येणारे तुम्ही त्याला समोरूनच दिसता. अशा जागी वरच्या बाजूने, वाकून जा.

आता विसर्गाचा क्युसेकमधला आकडा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं तो. मी तो तिसऱ्या क्रमांकावर पाहते. आधी पाण्याचा रंग, मग पाणी चढतंय की उतरतंय, आणि मग आकडा. पाण्यात माशी बुडवा आणि किती खोलीवर ती दिसेनाशी होते ते पाहा. अर्धा मीटर दिसत असेल तर नदी कितीही रुंद झालेली असो, मासेमारी करता येते. वीतभरही दिसत नसेल तर एखाद्या उपनदीवर जा, नाहीतर धरणाच्या लगत खाली जा, कारण जलाशयात गाळ बसतो आणि पुढे सुटणारं पाणी बहुधा नितळ असतं. धरणाचा मोठा विसर्ग काही दिवस एकसारखा राहिला की मासे नव्या जागांवर स्थिरावतात आणि नीट खाऊ लागतात. पाणी उतरू लागलं असेल तर त्याहून उत्तम. बर्फाच्या पाण्याची नदी असेल तर पहाटेच निघा. दिवसा वितळलेलं पाणी वरच्या भागात दुपारनंतर आणि संध्याकाळी चढतं, सकाळी तीच नदी उतरलेली आणि स्वच्छ असते.

प्रश्न: मोठ्या पाण्यात कोणत्या माश्या वापराव्यात? मी नेहमीच्या छोट्या निंफ (पाणकिड्यांच्या पिल्लांसारख्या, बुडणाऱ्या माश्या) टाकतो, दिवसभर काही लागत नाही.

माशी बदलण्याआधी वजन बदला. या दिवसांत रिकामे हात बहुधा एकाच कारणाने राहतात: निंफ माशांच्या डोक्यावरून, वेगवान थरातून निघून जाते. मासे तळाच्या संथ थरात आहेत, तिथे ती पोचली पाहिजे. टंगस्टनचा मणी वापरा. टंगस्टनची घनता पाण्याच्या 19 पट, शिशाची 11 पट आणि पितळेची साधारण साडेआठ पट असते. त्यामुळे तेवढ्याच आकाराचा मणी कितीतरी लवकर तळ गाठतो, शिवाय शिसं नदीत राहत नाही. तीन-चार फेकींत एकदा तरी निंफ तळाला अडखळायला हवी. अडखळत नसेल तर अजून वजन लावा, प्रत्येक वेळी अडकत असेल तर थोडं काढा. दोरी आखूड ठेवा, गळाच्या काठीचं टोक वर धरा, आणि पाण्यावर दोरी जेवढी कमी पडेल तेवढं चांगलं. मधल्या धारेने दोरी ओढली की निंफ तळ सोडते आणि सगळं वजन वाया जातं.

आता माश्या. चढत्या पाण्यात तळ आणि काठ उपसले जातात, त्यातून जे वाहून येतं तेच द्या. गांडुळं येतात, म्हणून न्यू मेक्सिकोतल्या नवाहो धरणाखालच्या सान हुआन नदीच्या नावाने ओळखली जाणारी ती साधी लाल ‘सान हुआन वर्म’ या दिवसांत इतकी चालते. काहींना ती माशी म्हणवत नाही. मला तो आक्षेप पटत नाही, मासा त्या वेळी खरोखर तेच खात असतो. पाणवनस्पती असलेल्या नदीत उपटलेल्या शेवाळाबरोबर झिंग्यासारखे स्कड येतात. कोलोरॅडोतल्या रुडी धरणाखाली फ्राइंगपॅन नदीत जलाशयातले मायसिस झिंगे वाहून येतात. जिवंतपणी ते जवळजवळ पारदर्शक असतात, मेल्यावर पांढरे पडतात, म्हणून तिथली माशीही पांढरी बांधतात. खडकाळ, वेगवान नदीत स्टोनफ्लाय या पाणकिड्याची मोठी काळी निंफ पहिली लावा. गढूळ पाण्यात काळा, गडद तपकिरी, जांभळा असे रंग जास्त उठून दिसतात, कारण मासा वर उजेडाकडे पाहतो आणि त्याला माशीची आकृती दिसते.

दोन माश्या लावायच्या तर जड मोठी वर आणि तिच्याखाली हातभर टिपेटवर, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्यावर, फेझंट टेल ही निंफ. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी ती दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने बांधली. तार बांधणीचं काम करते आणि वजनही देते. बुडण्यासाठी बांधलेली इतकी नेमकी निंफ मला दुसरी माहीत नाही.

प्रश्न: म्हणजे मोठ्या पाण्यात ड्राय फ्लाय, पाण्यावर तरंगणारी माशी, विसरायची का?

अजिबात नाही, फक्त ती काठाला टाका. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांत सामनफ्लाय ही मोठी स्टोनफ्लाय मेच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत निघते, म्हणजे नेमकी पाणी चढलेलं असताना. तिची निंफ तीन-चार वर्षं पाण्यात काढते. पण मेफ्लाय हा दुसरा पाणकिडा पृष्ठभागावर पंख उघडतो तसं ती करत नाही, चालत काठाला येते आणि दगडावर, झुडपावर चढून कात टाकते. त्या दिवसांत झुडपांखाली, काठाला घासून टाकलेली मोठी नारिंगी माशी चुकवू नका. पुढे उन्हाळा सरताना हीच जागा नाकतोड्याची.

प्रश्न: पाण्यात किती आत उतरणं सुरक्षित? कमरेपर्यंत चालतं असं ऐकलंय.

‘कमरेपर्यंत’ हे माप मनातून काढून टाका. संथ डोहात कमरेएवढं पाणी काही करत नाही, आणि वेगवान धारेत गुडघ्याएवढं पाणी माणसाला पाडतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, म्हणून खोलीबरोबर वेगही मोजावाच लागतो.

अमेरिकेत नद्यांचा प्रवाह मोजणारे कर्मचारी एक सोपा हिशेब वापरतात. खोली फुटांत घ्यायची, वेग सेकंदाला किती फूट ते घ्यायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. तो 10 च्या वर गेला तर उतरायचं नाही. वेग मोजायला काडी पुरते. काठावर 20 फूट अंतर मोजा, वर काडी टाका. तिला पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला चार फूट. म्हणजे अडीच फूट खोलीवरच मर्यादा आली, आणि अडीच फूट म्हणजे कमरेपर्यंतसुद्धा नाही. माझा आग्रह आहे की अंगाने हलक्या माणसांनी आणि जिथे तळाचे गोटे शेवाळलेले आहेत तिथे सगळ्यांनीच 10 ऐवजी 6 किंवा 7 वर थांबावं.

वेडरचा, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या उंच विजारीचा, पट्टा कमरेला घट्ट बांधा, म्हणजे पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. हातात आधाराची काठी हवीच. ओलांडताना धारेच्या विरुद्ध तोंड करून, एका वेळी एकच पाय उचला. पडलात तर पाठीवर व्हा, पाय उताराच्या दिशेने ठेवा आणि काठाकडे सरका. वेगवान पाण्यात उभं राहायची घाई करू नका, पाय दगडात अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं. धरणाखाली असाल तर एका खुणेच्या दगडावर लक्ष ठेवा. तो बुडू लागला, पाण्यात काड्या-पानं वाढली किंवा भोंगा वाजला, की मासा लागलेला असला तरी बाहेर या. पाणी चढू लागताना तळ उपसला जाऊन मासे जोरात खातात हे खरं आहे, पण तो खेळ काठावरून खेळायचा.

आणि पुन्हा सांगते, या दिवसांत उतरायची गरज फारशी पडत नाही. मासे काठाला आहेत.

प्रश्न: मासा लागतो, पण मधल्या धारेत शिरला की दोर तुटतो. काय करू?

टिपेट जाड घ्या. नितळ, संथ पाण्यात 5एक्स किंवा 6एक्स वापरण्याची सवय आता सोडा. 5एक्स साधारण 0.15 मिमी जाड असतो, 3एक्स 0.20 मिमी. फुगलेल्या, किंचित गढूळ पाण्यात माशाला तो फरक जाणवत नाही, तुम्हाला मात्र जाणवेल. गळाची काठी साडेआठ-नऊ फुटांची, पाच किंवा सहा क्रमांकाच्या वजनाच्या दोरीसाठीची असावी.

आणि मासा धारेत गेल्यावर जागेवर उभे राहून ओढू नका. तसं केलंत तर माशाबरोबर सगळी नदीही ओढावी लागते. काठी आडवी, काठाच्या दिशेने वळवा म्हणजे त्याचं डोकं फिरेल, आणि तुम्ही काठाने खाली चालत जा, त्याच्या बरोबरीला या. म्हणून पहिली फेक करण्याआधीच खाली कुठवर चालता येईल आणि संथ पाण्याचा कोणता कोपरा आहे ते पाहून ठेवा. चालायला वाट नसेल तर त्या जागी माशी टाकू नका, कारण तोंडात गळ आणि मागे लांब दोर घेऊन गेलेला मासा कुठेतरी अडकून मरतो.

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात पावसाने चढलेल्या नदीत मी पकडलेला ट्राउट जपून सोडला, तरी तो उलटा होऊन वाहत गेला. पाणी तर भरपूर होतं. मग असं का?

तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. उत्तर बहुधा तापमानात आहे. पाणी भरपूर असणं आणि पाणी गार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या धरणाच्या तळातून सुटणारं पाणी भर उन्हाळ्यातही थंड असतं, म्हणून तिथला वाढलेला विसर्ग ट्राउटला सुखाचा असतो. पण तापलेल्या जमिनीवरून आणि दगडांवरून वाहत आलेलं उन्हाळी पावसाचं पाणी कोमट असू शकतं. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9.1. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. त्यात धारेशी झुंज दिलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि नंतर मरतो, हे आपल्याला दिसतही नाही.

थर्मामीटर बाळगा आणि पाणी पायाशी उथळात नाही, वाहत्या धारेत मोजा. 20 अंशांना थांबायचंच. मी 19 लाच थांबते. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात सलग तीन दिवस पाणी 73 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ 23 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते. माझ्या मते तो आकडा ट्राउटसाठी फार उशिराचा आहे. नियम लागू होण्याची वाट पाहू नका, उन्हाळ्यात सकाळचीच मासेमारी करा.

मासा लवकर आणा, त्यासाठीही जाड टिपेटच हवा. बिनकाट्याचा गळ, ओले हात, रबरी जाळं. फोटो काढायचा तर तयारी होईपर्यंत मासा पाण्यातच ठेवा. सोडताना त्याला पुढेमागे हलवू नका. मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी नीट जात नाही. काठच्या संथ पण वाहत्या पाण्यात, तोंड धारेकडे करून नुसतं धरा. शेपटीने जोर लावून तो स्वतः सुटेपर्यंत धरा, मग त्याला कितीही वेळ लागो.