प्रश्न तुमचे : फुप्फुसाचा कर्करोग आणि अचानक आलेला मृत्यू

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 66) फुप्फुसाचा कर्करोग होता. तिसरी केमोथेरपी होऊन दहा दिवस झाले होते आणि तब्येत सुधारत होती. त्या सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर चाळला, शौचाला जाऊन आले आणि दारातच धाप लागून कोसळले. रुग्णवाहिका येईपर्यंत सारे संपले होते. आधीचे तीन-चार दिवस त्यांच्या डाव्या पायावर मोज्याचा वळ खोल उमटत होता. बसून बसून सूज आली असेल, असे आम्ही समजलो. हे कशामुळे झाले? आमच्याकडून हयगय झाली का? त्यांना फार त्रास झाला असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शवविच्छेदन झाले नसेल, तर मृत्यूचे कारण कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. तरीही एकाच पायाची सूज आणि पाठोपाठ एकाएकी लागलेली धाप, हे वाचून माझ्या मनात पहिली शंका आली ती रक्ताच्या गुठळीची. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करतात, केमोथेरपीने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, आणि अशक्तपणामुळे हालचाल कमी झाली की पायाच्या खोल शिरांत रक्त साकळते. तिथून सुटलेली मोठी गुठळी हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकली, तर हृदयाला रक्त पुढे ढकलताच येत नाही. कर्करोग आणि गुठळी यांचे हे नाते जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. फ्रान्समधील डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी ते 1865 मध्ये मांडले आणि पुढे जठराच्या कर्करोगाने 1867 मध्ये निधन होण्यापूर्वी गुठळीची हीच खूण स्वतःच्या अंगावर ओळखली.

अर्थात, प्रत्येक वेळी कारण गुठळीच असते असे नाही. कर्करोगाच्या गाठीने मोठी रक्तवाहिनी पोखरली, तर खोकल्यातून रक्ताचा लोंढा येऊन रुग्ण गुदमरतो. काहींच्या हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचते, तर काहींना केमोनंतर पांढऱ्या पेशी घटल्या असताना झालेला जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो.

हयगयीचे म्हणाल, तर पाय सुजण्याची साधी कारणे इतकी असतात की घरच्यांना गुठळीची शंका येणे कठीणच. रक्त पातळ करणारे औषधही सरसकट देता येत नाही, कारण त्याने गाठीतून रक्तस्राव होण्याची भीती असते. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी कळवा, हे सांगणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. ओपीडीच्या गर्दीत ते राहून जाते, याची मला मनापासून खंत वाटते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी अशा सुजेसाठी त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरांतील रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) करून घ्यावी; एकाएकी धाप लागली, खोकल्यातून रक्त पडले किंवा केमोनंतर ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी जपून देतो. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की काही सेकंदांतच शुद्ध हरपते. दारात धाप लागली तो क्षण त्यांना जाणवला असेल. पण खाली कोसळल्यानंतरचे, तुम्ही त्यांना हाका मारत होतात तेव्हाचे, काही जाणवले नसावे.