रोज एक वचन वाचतो, मग अभ्यास कशाला?

प्रश्न: मी रोज सकाळी मोबाइलवर आलेले एक वचन वाचतो, प्रार्थना करतो आणि कामाला लागतो. रविवारी पाळकांचा उपदेशही मनापासून ऐकतो. तरी मंडळीतले वडीलधारे सारखे ‘शास्त्राचा अभ्यास कर’ म्हणतात. विश्वास ठेवायला अभ्यास लागतो का?
– एक वाचक

उत्तर: बंधू, तारणासाठी अभ्यासाची अट नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळाले. त्याच्याजवळ वेळ उरला नव्हता, तुमच्याजवळ आहे. आणि सुट्या वचनांवर जगताना देवाने न दिलेली अभिवचने आपण त्याच्या नावावर खपवू लागतो, याची मला फार काळजी वाटते.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11, म्हणजे 29व्या अध्यायातले अकरावे वचन घ्या. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ असे देव तिथे म्हणतो. माझ्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाने हे वचन भिंतीवर लावले होते. नोकरी हुकली तेव्हा तो देवावरच रुसला. मग आम्ही 27 ते 29 हे अध्याय सलग वाचले. यरुशलेमेतून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले ते पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल: मंदिरातली पात्रे, यखन्या राजा, बंदिवान, सगळे. लोकांना हेच तर ऐकायचे होते! यिर्मया मात्र त्यांना लिहितो: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षे भरल्यावर देव तुमची भेट घेईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हिताचे संकल्प त्यांच्यासाठीही होते, त्या परक्या नगरात राहूनच. त्या तरुणाला नोकरी लगेच मिळाली नाही. देवाने शब्द मोडला हा त्याचा समज मात्र गेला. एकटे अकरावे वचन त्याला हे देऊ शकले नसते.

उपदेशाबद्दल म्हणाल, तर पाळकांचे ऐकाच. पण बिरुया नगरातल्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्रात रोज शोधून पडताळले, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 त्यांना त्यासाठी थोर मनाचे म्हणते. उपदेश पडताळणे म्हणजे पाळकांवर अविश्वास, असे काहींना वाटते. मला ते मुळीच पटत नाही.

सुरुवात फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रापासून करा. अवघी 25 वचने आहेत. एका बैठकीत वाचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. वहीत लिहा: कोण लिहितो, कुठून लिहितो, अनेसिम कोण, पौल फिलेमोनाला आज्ञा करू शकत असूनही विनंती का करतो? लगेच ‘यात माझ्यासाठी काय’ हे विचारू नका. आधी ‘त्यांना काय सांगितले’ ते नीट कळू द्या. नंतर फिलिप्पैकरांचे पत्र घ्या. अध्यायांचे आजचे आकडे तेराव्या शतकातले आणि नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 मधले आहेत, म्हणून अध्याय संपला तिथे विचारही संपला असे समजू नका. ‘मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे चौथ्या अध्यायातले वाक्य भेटले की आधीची दोन वचने वाचा. बंदिवासातला पौल तिथे भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई या दोन्हींत राहायला शिकल्याचे सांगत आहे.

सकाळचे वचन सोडू नका. मात्र ते ज्या अध्यायातले आहे तो अध्याय त्याच रात्री पूर्ण वाचा, आणि जे कळले नाही ते वहीत लिहून रविवारी पाळकांना विचारा.