प्रकल्प रखडला तर मुलीचं काय?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूट्रिनोवर प्रायोगिक पीएच.डी. करायची म्हणते. तमिळनाडूतली न्यूट्रिनो वेधशाळा रखडल्याचं वाचलं. ती यात अडकून पडेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. ते टिपण्यासाठीच्या, तेनी जिल्ह्यातल्या त्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये मंजुरी दिली. डोंगराच्या पोटात ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक, म्हणजे कण टिपणारं यंत्र, बसायचा होता. स्थानिक विरोध आणि पर्यावरण परवानग्यांत काम अडकलं. तरीही त्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांचं काम थांबलं नाही. मदुराईत ८५ टनांचा छोटा शोधक उभा राहिला आणि वैश्विक किरणांतले म्युऑन नावाचे कण टिपू लागला.

यातून मुलीने घ्यायचं ते इतकंच : मार्गदर्शक निवडताना आधी विचारावं, ‘माझ्या पाच-सहा वर्षांत हाताशी कुठला डेटा असेल?’ अमेरिकेतल्या नोव्हा प्रयोगात फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून निघालेला न्यूट्रिनोंचा झोत ८१० किलोमीटरवर मिनेसोटात टिपतात. तिथे २०१४ पासूनचा डेटा आहे आणि भारतीय संस्थाही सहभागी आहेत. ड्यून हा झोत १,३०० किलोमीटरवर टिपणारा त्याहून मोठा प्रयोग अजून उभारला जातो आहे. केवळ त्याच्या भरवशावर प्रबंध ठरवू नये. शोधक बांधायचं काम आणि चालू प्रयोगाचं विश्लेषण, दोन्ही मिळत असेल ती जागा मी आधी सुचवेन.

दुसरं, तिला हे काम खरंच आवडतं का, हे पाहा. सोल्डरिंग, गॅसची गळती शोधणं, रात्रपाळी, सी प्लस प्लस या संगणक भाषेतला कोड : दिवस यातच जातो. उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट केला की तिचं तिलाच कळेल.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. ज्युनियर फेलोशिप सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. पुढे दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन जागा, बहुधा परदेशात. कायम जागा थोड्याच. मात्र इलेक्ट्रॉनिक्स आणि डेटा हाताळण्याचं कौशल्य उद्योगांतही चालतं, म्हणून ही वर्षं वाया जाण्याची भीती बाळगू नका.

नेट आणि गेटबरोबर जेस्ट या पीएच.डी. प्रवेशाच्या परीक्षेची तयारी सुरू ठेवू द्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) प्रवेशाची पद्धत तिच्या संकेतस्थळावर तपासा. तिथल्या अर्जाची मुदत आत्ताच बघून ठेवा.