ह्यूस्टन स्टेशनमधला ह्यूस्टन

प्रश्न : लेक डब्लिनला नोकरी करते, म्हणून यंदा आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. कॉर्कची गाडी ह्यूस्टन स्टेशनवरून पकडली. जावई म्हणाले, हे फाशी गेलेल्या एका तरुण क्रांतिकारकाचं नाव. पण ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश उठावाबद्दल वाचताना पिअर्स, कॉनली हे पुढारी भेटतात, हा ह्यूस्टन कुठे भेटत नाही. कोण होता तो?
— एक वाचक

उत्तर : जावईबापूंना सांगा, फाशी नव्हे, गोळ्या घातल्या. त्या उठावापायी फासावर गेले ते एकटे रॉजर केसमेंट, तेही लंडनमध्ये.

शॉन ह्यूस्टन डब्लिनचाच. घरचे त्याला जॅक म्हणत. रेल्वेत कारकून, काही वर्षं लिमरिकला होता, तिथे त्याने नोकरी सांभाळून ‘फियना’ या राष्ट्रवादी बालसंघटनेची पोरं तयार केली. १९१३ मध्ये बदली होऊन डब्लिनला आला आणि बसायला लागला तो याच स्टेशनच्या कचेरीत. तेव्हा स्टेशनचं नाव किंग्जब्रिज. १९६६ मध्ये, उठावाला ५० वर्षं झाली तेव्हा, देशातल्या १५ स्टेशनांना हुतात्म्यांची नावं दिली. ह्यूस्टनच्या वाट्याला त्याचंच ऑफिस आलं. मला ही गोष्ट सगळ्या पुतळ्यांहून मोठी वाटते.

पुस्तकांत तो कमी दिसतो, कारण तो कवी नव्हता आणि उठावात काढलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही नव्हती. त्याच्याकडे एकच काम होतं. २४ एप्रिल १९१६ ला, ईस्टरच्या सोमवारी, कॉनलीने त्याला लिफी नदीकाठची मेंडिसिटी इन्स्टिट्यूशन ही गोरगरिबांना आधार देणारी संस्था ताब्यात घ्यायला लावली. पलीकडच्या रॉयल बॅरक्समधलं सैन्य तीन-चार तास रोखून धरायचं, म्हणजे फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या इमारतीतल्या साथीदारांना मोर्चेबांधणीला वेळ मिळेल. सोबत जेमतेम दोन डझन माणसं. त्यांनी बुधवारपर्यंत जागा सोडली नाही. सैनिक खिडक्यांतून हातबॉम्ब टाकत होते आणि आतली पोरं ते उचलून परत बाहेर भिरकावत होती. त्यात दोघे जबर जखमी झाले. काडतुसं आणि अन्न संपत आलं, तेव्हा ह्यूस्टनने शरणागती पत्करली. माझ्या मते हुतात्मा होण्यापेक्षा हा निर्णय अवघड होता. हाताखालच्या पोरांचे जीव वाचवायचे, तर स्वतःचा जाणार हे त्याला कळत असणारच.

तसंच झालं. लष्करी न्यायालयापुढे खटला झाला आणि ८ मे रोजी पहाटे किल्मेनहॅम तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. वय २५. शेवटपर्यंत सोबत राहिलेल्या फादर अल्बर्ट यांनी लिहून ठेवलंय की डोळे बांधले होते, काळजाच्या जागी कोटावर पांढरा कागद टाचला होता आणि बसायला एक खोकं दिलं होतं. आदल्या रात्री त्याने जोगीण झालेल्या बहिणीला पत्र लिहिलं. वर्गातल्या मुलांना आपल्या देशाचा इतिहास शिकव, असं त्यात सांगितलं होतं.

पुन्हा गेलात तर सगळं स्टेशनपासून चालत पाहता येईल. बाहेर पडलात की त्याच्याच नावाचा पूल, फिनिक्स पार्कमध्ये पुतळा. रॉयल बॅरक्सचं आता कॉलिन्स बॅरक्स झालंय. तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. त्याच्या मागेच आर्बर हिलची दफनभूमी, जिथे ह्यूस्टन आणि इतर तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. मेंडिसिटीची जुनी इमारत मात्र उरलेली नाही. आणि किल्मेनहॅमचं तिकीट इथूनच काढून ठेवा, ऐन वेळी मिळणं कठीण.