व्हिसा मार्चमध्ये संपतोय, अपॉइंटमेंट मात्र मे महिन्यातली

प्रश्न : ताई, माझी मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करते आहे. कोर्स दोन वर्षांचा, पण पासपोर्टवरचा व्हिसा २८ मार्चलाच संपतो. तिथल्या ऑफिसची अपॉइंटमेंट थेट मेमधली मिळाली. आमचा एजंट म्हणतो, मार्चच्या आत तिला परत बोलवा आणि मुंबईतून नवा व्हिसा काढा. एप्रिलअखेर पुतण्याचं लग्नही आहे. तिकीट काढून टाकू का?
— एक आई, सांगली

उत्तर : व्हिसासाठी म्हणून तिकीट मुळीच काढू नका. एजंटचं ऐकलंत तर मुलीचं सेमिस्टर बुडेल.

मुंबईहून मिळालेला व्हिसा जर्मनीत शिरून पहिले काही महिने काढण्यापुरताच असतो. पुढे शिकायला राहण्याचा परवाना, म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड, तिथल्याच आउसलेंडरबेहोर्डेतून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून मिळतं. आणि व्हिसा संपायच्या आत त्यासाठी अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना व्हिसा चालूच आहे असं तिथला कायदा धरतो. राहण्याच्या कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४.

पण नुसती अपॉइंटमेंट घेतली म्हणजे अर्ज झाला असं नाही. पोरं इथेच गाफील राहतात, म्हणून कळकळीनं सांगते. तिच्या शहराचा ऑनलाइन फॉर्म असेल तर तिनं तो याच आठवड्यात भरावा. नसेल तर भरलेला फॉर्म कागदपत्रांसह ईमेलनं आणि पोस्टानंही पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी. सोबत युनिव्हर्सिटीचा नोंदणीचा दाखला, आनमेल्डुंगचा (तिथल्या पत्त्याच्या नोंदणीचा) कागद, तिथल्या आरोग्य विम्याचं पत्र (निघताना काढलेला प्रवास विमा चालत नाही) आणि पुढच्या खर्चाचा पुरावा. ब्लॉक अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवलेत तेव्हा, म्हणजे महिन्याला ९९२. आता पुढच्या वर्षाचे पैसे कुठून येणार ते दाखवावं लागेल. त्याची तजवीज तुम्ही सांगलीतून आत्ताच सुरू करा, बँकेत वेळ जातो.

अर्जातच तिनं फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग मागावं. अर्ज विचाराधीन असल्याचा हा घडीचा कागद. तो हातात पडला की आत कुठल्या चौकटीत खूण आहे ते आधी बघायला सांगा. तिथे तीन पर्याय असतात. 'पोटकलम ४' लिहिलेल्या चौकटीत खूण असेल तर ती भारतात येऊन परत जाऊ शकते. 'पोटकलम ३' वर असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नये, त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही.

तेव्हा लग्नाचं तिकीट त्या खुणेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यावरच काढा, आणि थेट जर्मनीत उतरणारं किंवा आखातातून जाणारं काढा. युरोपातल्या दुसऱ्या देशात विमान बदलायची जोखीम नको. परतताना जुना व्हिसा असलेला पासपोर्ट आणि तो मूळ कागद, दोन्ही हातातल्या बॅगेत हवेत. कागद वेळेत नाही मिळाला तर तिला बोलावू नका. पुतण्याला वाईट वाटेल हे मला कळतं, पण एप्रिलमध्ये तिचं नवं सेमिस्टर सुरू झालेलं असेल.